दिरहम की रुपये? कार्डयंत्राला द्यायचं उत्तर

दुबईतल्या मॉलमध्ये खरेदी होते, बिल होतं ४०० दिरहम. कार्ड यंत्राला लावलं की पडद्यावर दोन रकमा येतात, एक दिरहममध्ये आणि एक भारतीय रुपयांत. त्यातली एक निवडायची असते. काउंटरवरचा माणूस बहुतेकदा तुमचं काम सोपं करायला बसलेलाच असतो. "सर, इंडियन रुपीज?" मागे रांग असते, हातात पिशव्या असतात आणि बरोबरची मंडळी पुढच्या दुकानात शिरलेली असतात. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, आपण मान हलवतो आणि पावती खिशात जाते.

उत्तर 'दिरहम' असं द्यायला हवं होतं. थायलंडमध्ये बाट, सिंगापूरमध्ये तिथला डॉलर, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, जपानमध्ये येन. ज्या देशात उभे आहात त्या देशाचं चलन. इतकंच लक्षात ठेवून कुणी लेख मिटला तरी त्याचे बहुतेक पैसे वाचतील. पण हाच प्रश्न एटीएमवर, हॉटेलात, वेबसाइटवर निरनिराळी सोंगं घेऊन येतो आणि भारतीय कार्डांचं गणित युरोप-अमेरिकेतल्या कार्डांपेक्षा थोडं वेगळं आहे. म्हणून जरा खोलात जाऊ.

पैसे बदलतो कोण?

कुठलंही चलन निवडलं तरी शेवटी तुमच्या खात्यातून रुपयेच जाणार आहेत. दिरहमचे रुपये कधीतरी, कुठेतरी होणारच. यंत्र फक्त एवढंच विचारत असतं, की हे रूपांतर कोणी करायचं.

तुम्ही दिरहम निवडलेत तर दुकानदाराची बँक ४०० दिरहमची मागणी व्हिसा किंवा मास्टरकार्डकडे पाठवते. ते आपल्या त्या दिवसाच्या दराने तिचे रुपये करतात आणि रक्कम तुमच्या बँकेकडे येते. हा दर बँका आपापसात ज्या दराने व्यवहार करतात त्याच्या बराच जवळचा असतो. त्यावर तुमची बँक स्वतःचा 'फॉरेक्स मार्कअप' लावते. भारतातल्या बहुसंख्य साध्या कार्डांवर तो ३.५ टक्के असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन्ही मिळून ४.१३ टक्के.

तुम्ही रुपये निवडलेत तर रूपांतर तिथेच, दुकानाच्या यंत्रात होतं. ते दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली एखादी कंपनी करते आणि दर तीच ठरवते. या पद्धतीला 'डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन' म्हणतात, पावतीवर ती 'डीसीसी' या तीन अक्षरांत दिसते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमधल्या काही कंपन्यांनी हा व्यवसाय उभा केला आणि आज पर्यटकांची गर्दी असलेल्या जवळपास प्रत्येक शहरात तो आहे. यातली कमाई वेगळ्या शुल्काच्या रूपात दिसत नाही, ती दरातच मुरवलेली असते. म्हणूनच पडद्यावर 'नो कमिशन' किंवा 'गॅरंटीड रेट' असं बिनदिक्कत लिहिता येतं. दर खरोखरच पक्का असतो, त्यात खोटं काही नाही. तो महाग असतो, एवढंच. बाजारभावावर तीन-चार टक्क्यांपासून सात-आठ टक्क्यांपर्यंत चढवलेला दर सर्रास आढळतो, एटीएमवर त्याहूनही जास्त. या कमाईचा एक वाटा दुकानदारालाही मिळतो. काउंटरवरचा तो आपुलकीचा प्रश्न इतक्या उत्साहाने का येतो, हे त्यावरून कळावं.

स्टेशनबाहेर रात्री रिक्षावाला 'मीटर नको, ठरवून चला' म्हणतो तेव्हा ठरवलेला आकडा कोणाच्या सोयीचा असतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. मीटरने किती होईल ते आधी नक्की कळत नाही, तरी माहीतगार माणूस मीटरचाच आग्रह धरतो. डीसीसीचा रुपयांमधला आकडा हा तसला 'ठरवून' आकडा आहे.

"बँकेचं चार्ज वाचेल" या दाव्यात किती तथ्य?

दुबई-बँकॉकमधले विक्रेते एक युक्तिवाद हमखास करतात: रुपयांत पैसे दिलेत तर तुमची बँक फॉरेक्स चार्ज लावणार नाही. हे अर्धं खरं आहे. व्यवहार रुपयांत आला की ३.५ टक्क्यांचा मार्कअप लागत नाही. पण भारतातल्या अनेक मोठ्या बँकांनी अलीकडच्या वर्षांत एक वेगळं शुल्क सुरू केलं आहे. परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर साधारण १ टक्का, काही ठिकाणी थोडं जास्त, आणि वर त्यावरचा जीएसटी. म्हणजे दुकानातल्या यंत्राने महाग दर लावायचा तो लावलाच, आणि घरी तुमच्या बँकेनेही आपला हात ओला करून घेतला.

आकडे मांडून पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून एका दिरहमला २५ रुपये धरू. ४०० दिरहमचे बाजारभावाने १०,००० रुपये होतात. दिरहम निवडलेत तर बँकेचा मार्कअप ३५० रुपये आणि त्यावरचा जीएसटी ६३ रुपये, एकूण १०,४१३. रुपये निवडलेत आणि यंत्राने दरात ६ टक्के चढवले असतील तर बिलच १०,६०० चं. त्यावर बँकेचे १०६ रुपये आणि १९ रुपये जीएसटी धरून १०,७२५. फरक ३१२ रुपयांचा. तुमच्याकडे शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर हाच फरक सव्वासातशेवर जातो, कारण दिरहममध्ये पैसे दिले असते तर १०,००० मध्येच भागलं असतं.

आता उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला ब्रिटिश किंवा अमेरिकन प्रवाशांसाठी लिहिलेला असतो आणि त्यांच्या कित्येक कार्डांवर परदेशी व्यवहाराचं शुल्कच नसतं. त्यांना डीसीसी नेहमीच महाग पडतं. आपल्या ३.५ टक्केवाल्या कार्डाच्या बाबतीत मात्र एक सीमारेषा निघते: यंत्राने बाजारभावावर चढवलेली टक्केवारी साधारण २.९ पेक्षा कमी असेल, तर बँकेचं १ टक्क्याचं शुल्क धरूनही रुपयांतला व्यवहार किंचित स्वस्त पडू शकतो. असे दर कधीमधी दिसतातही. पण काउंटरवर उभं राहून बाजारभाव शोधायचा, टक्केवारी काढायची आणि दोन-पाच रुपयांच्या फायद्यासाठी नियम मोडायचा, हे मला व्यवहारी वाटत नाही. दहातल्या नऊ वेळा दर या रेषेच्या बराच वर असतो. मोठी रक्कम असेल, वेळ असेल आणि आकडेमोडीची हौस असेल तरच या वाटेने जावं.

हौस असलेल्यांसाठी साधन सोपं आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही संकेतस्थळावर दर काढण्याची सोय आहे. तारीख, दोन्ही चलनं आणि तुमच्या बँकेचा मार्कअप भरला की कार्डावर किती रुपये पडतील ते दिसतं. दिरहमसाठी तर तेवढंही नको. १९९७ पासून दिरहम अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून त्या दिवशीचा डॉलरचा भाव ३.६७ ने भागला की दिरहमचा भाव हाती येतो. डॉलरचा भाव तर वर्तमानपत्रात रोज असतोच.

रुपयांच्या आकड्याचा मोह सगळ्यात जास्त कुठे होतो? जिथे चलनाची शून्यं डोळ्यांत मावत नाहीत तिथे. व्हिएतनाममध्ये साध्या जेवणाचं बिल लाखो डोंगांत येतं, इंडोनेशियातही तेच. यंत्रावर अठरा लाख डोंग पाहून कोणाचाही जीव दडपतो, आणि शेजारचा रुपयांमधला चार आकडी हिशेब पाहून हायसं वाटतं. हायसं वाटण्याचीच ही किंमत असते. त्यापेक्षा निघण्यापूर्वी घरीच एका कागदावर चार ओळी लिहून ठेवाव्यात: दहा हजार डोंग म्हणजे तीस-पस्तीस रुपये, लाख म्हणजे त्याच्या दहापट, वगैरे. ज्येष्ठ मंडळी पर्यटन कंपनीच्या ग्रुपबरोबर जातात तेव्हा असा कागद त्यांच्या पाकिटात घालून देणं हा मुलांनी करायच्या तयारीचा भाग समजावा.

यंत्र हातात घ्या

व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही नियमांनुसार निवड कार्डधारकाची आहे. दोन्ही रकमा, दर आणि त्यावरचा चढावा ग्राहकाला दिसला पाहिजे आणि दुकानदाराने परस्पर ठरवून टाकता कामा नये. नियम चांगला आहे, पण दुकानात तो विक्रेत्याच्या बोटाखाली असतो. यंत्र त्याच्या बाजूला वळलेलं असतं, तो सवयीने हिरवं बटण दाबतो आणि तुम्हाला दिसते ती थेट पावती.

म्हणून कार्ड पुढे करण्याआधीच, "लोकल करन्सी, प्लीज" किंवा सरळ "दिरहम" असं म्हणायचं. विचारेपर्यंत थांबायचं नाही. यंत्र आपल्याकडे वळवायला सांगायचं. ही मागणी जगात कुठेही उद्धटपणाची समजली जात नाही. पडद्यावर कधी दोन देशांचे झेंडे असतात, कधी नुसत्या रकमा. हिरवं आणि लाल बटण दिलेलं असेल तर गफलत हमखास होते. आपल्या मनात लाल म्हणजे व्यवहार रद्द आणि हिरवं म्हणजे पुढे चला, असं बसलेलं असतं. इथे मात्र रुपयांत रूपांतर मान्य करण्याला बऱ्याचदा हिरवं बटण दिलेलं असतं. म्हणून बटणाच्या रंगाकडे न पाहता रकमेशेजारचं चलन वाचावं.

युरोपात आणखी एक फसगत होते. सहलीवर निघालेल्याच्या डोक्यात युरोप म्हणजे युरो एवढंच असतं. स्वित्झर्लंडचं चलन फ्रँक, चेक प्रजासत्ताकाचं कोरुना, हंगेरीचं फोरिंट. ल्यूसर्न किंवा प्रागमधल्या पर्यटकांच्या दुकानांत भाव युरोतही लिहिलेले असतात आणि यंत्रावर कधी तीन पर्याय दिसतात: तिथलं चलन, युरो आणि रुपये. युरो निवडला तर एक रूपांतर दुकानदाराच्या मनाने झालं आणि दुसरं कार्डाच्या बाजूला होणार. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक आणि प्रागमध्ये कोरुनाच निवडा.

युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेल्या नियमामुळे तिथे रूपांतराचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत किती टक्के जास्त आहे हे सांगणं बंधनकारक झालं. तो नियम मुळात तिथल्या नागरिकांच्या आपसातल्या प्रवासासाठी केलेला, पण त्यामुळे अनेक यंत्रांवर आणि पावत्यांवर ही टक्केवारी छापली जाऊ लागली. बारीक अक्षरांत असते. डोळ्यांवर चष्मा चढवून वाचण्यासारखी ओळ ती हीच.

एटीएमवर 'हो' आणि 'नाही'

रोख काढताना डीसीसीचा फटका सगळ्यात मोठा बसतो, कारण तिथे विचारायला माणूस नसतो आणि पडद्याची रचना घाबरवणारी असते. रक्कम टाकली की एक पान उघडतं. त्यावर दर, रुपयांमधली रक्कम आणि दोन पर्याय: 'अॅक्सेप्ट कन्व्हर्जन' आणि 'डिक्लाइन कन्व्हर्जन'. काही यंत्रांवर 'विथ कन्व्हर्जन' आणि 'विदाउट कन्व्हर्जन'. दुसरा पर्याय दाबला तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती अनेकांना वाटते. काही यंत्रं तर 'नक्की का?' म्हणून पुन्हा एकदा विचारतात. बिनधास्त नाकारा. नोटा तेवढ्याच बाहेर येतात, फक्त दर तुमच्या कार्डाच्या नेटवर्कचा लागतो. युरोपातल्या पर्यटनस्थळी, विमानतळावर, जुन्या चौकांत कुठल्याही बँकेला न चिकटलेली स्वतंत्र एटीएम उभी असतात, त्यांच्यापासून शक्यतो लांब राहावं आणि खऱ्या बँकेच्या शाखेबाहेरचं एटीएम गाठावं. जपानमध्ये सेव्हन-इलेव्हन दुकानांतली एटीएम परदेशी कार्डं घेतात, तिथे सोय चांगली आहे.

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या पानांमुळे. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर वेळी २०० बाटहून जास्त ठरावीक शुल्क लागतं आणि ते मान्य आहे का असं यंत्र आधी विचारतं. त्याला 'हो' म्हणावंच लागतं, नाहीतर व्यवहार संपतो. त्यानंतर रूपांतराचं पान येतं. त्याला 'नाही' म्हणायचं. पहिल्याला नकार दिला म्हणून कार्ड बाहेर आलं, की माणूस घाबरून पुढच्या खेपेला दोन्हीला हो म्हणून मोकळा होतो.

इकडे आपली बँकही परदेशातल्या एटीएमसाठी दर खेपेला शंभर-दीडशे रुपये आणि वर मार्कअप लावते. शुल्क ठरावीक असल्यामुळे थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा लागतील तेवढे एकदाच काढावेत. आणि क्रेडिट कार्डाने रोख काढूच नये. त्यावर रोखीचं वेगळं शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून धावू लागतं, खरेदीसारखी मुदत तिथे मिळत नाही.

न विचारता झालेली निवड

हॉटेल आणि भाड्याची गाडी या दोन ठिकाणी प्रश्न विचारला जातोच असं नाही. हॉटेलात आल्या आल्या कार्डावर रक्कम अडवून ठेवतात आणि निघताना त्याच कार्डावर बिल वळतं करतात. तेव्हा तुम्ही टॅक्सीत सामान चढवत असता. म्हणून चेक-इनच्या वेळीच सांगावं, की बिल स्थानिक चलनातच लावा. सही करायच्या कागदावर तशी नोंद करून घेतली तर उत्तम. गाडी भाड्याने घेताना करारातच एक कलम घुसडलेलं असू शकतं, की रक्कम ग्राहकाच्या कार्डाच्या चलनात वसूल करण्यास त्याची संमती आहे. पुढे टोल किंवा दंडाची रक्कम आली तर तीही त्याच मार्गाने येते. सही करण्याआधी ते कलम शोधून खोडून घ्यावं.

वेबसाइटवर सोंग आणखी वेगळं असतं. हॉटेल बुकिंगच्या साइटवर दिसणारी रुपयांमधली किंमत कधी नुसती माहितीसाठी असते आणि प्रत्यक्षात पैसे हॉटेलच्या चलनात कापले जातात. कधी ती साइट स्वतःच रूपांतर करून रुपयांत वसूल करते. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर 'यू विल बी चार्ज्ड इन' असं जिथे लिहिलेलं असतं तीच ओळ खरी. विमान कंपन्यांच्या साइटवर देश किंवा चलन बदलायची सोय वरच्या कोपऱ्यात असते. पेपालमध्ये रूपांतर तेच करतात, ही मूळ व्यवस्था आहे. विक्रेत्याच्या चलनातच कार्डावर बिल लावा, हा पर्याय आत शिरून निवडावा लागतो.

ऑनलाइन बाबतीत एक उलटा प्रकार आहे आणि तो घरबसल्या घडतो. एखाद्या सॉफ्टवेअरची किंवा अॅपची वर्गणी तुम्ही रुपयांत भरता, पण कंपनीची नोंदणी सिंगापूर किंवा आयर्लंडमधली असते. बँकेच्या लेखी तो परदेशी व्यवहार ठरतो आणि तिचं ते १ टक्क्याच्या आसपासचं शुल्क बिलात उगवतं. इथे निवडीला वाव नसतो, पण स्टेटमेंटमध्ये अनोळखी पंधरा-वीस रुपये दिसले की ते कशाचे, एवढं कळावं.

निघण्यापूर्वी कार्डाचा विचार

चलन बरोबर निवडणं हा निम्मा भाग. उरलेला निम्मा घरीच ठरतो, आणि खरं तर त्यात बचत जास्त आहे. ४.१३ टक्क्यांचा बोजा एकदा डोळ्यांसमोर आला की शून्य किंवा कमी मार्कअपचं एखादं कार्ड घ्यावंसं वाटतं. अशी डेबिट आणि क्रेडिट कार्डं आता भारतात मिळतात. त्यांच्या अटी वरचेवर बदलतात, म्हणून नावं इथे देत नाही. जाहिरातीऐवजी बँकेचं शुल्कपत्रक काढून तीन ओळी पाहाव्यात: परदेशी चलनाचा मार्कअप किती, परदेशात रुपयांत व्यवहार केला तर किती, आणि एटीएमचं शुल्क किती.

परकीय चलन आधीच भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड हा आपल्याकडचा आवडता पर्याय, विशेषतः शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी. जे चलन भरलं आहे तेच खर्च केलं तर मार्कअप लागत नाही, आणि भरतानाच दर ठरत असल्यामुळे नंतर रुपया घसरला तरी झळ बसत नाही. पण बँक ज्या दराने चलन विकते त्यात तिचा नफा असतोच, भरताना थोडा जीएसटी लागतो आणि उरलेलं चलन परत देताना कमी भाव मिळतो. डॉलर, युरो, पौंड, दिरहम ही चलनं बहुतेक फॉरेक्स कार्डांवर मिळतात. डोंग किंवा फोरिंट सहसा नाही. कार्डात डॉलर आणि खर्च फोरिंटमध्ये, अशी वेळ आली तर वेगळं क्रॉस करन्सी शुल्क लागतं.

याच कार्डावर डीसीसी सर्वात जास्त झोंबतं. कार्डात दिरहम भरलेले आहेत, बिल दिरहमचं आहे आणि तुम्ही यंत्रावर रुपये निवडलेत! आधी दिरहमचे रुपये झाले, मग त्या रुपयांसाठी तुमच्या कार्डातलं परकीय चलन पुन्हा रूपांतर करून कापलं गेलं. घरी इतका विचार करून भरलेलं चलन वाया गेलं. फॉरेक्स कार्ड ओळखून काही यंत्रं रुपयांऐवजी डॉलर पुढे करतात. समोर काहीही आलं तरी बिलावर जे चलन छापलं आहे तेच निवडायचं.

कार्ड परदेशात चालतच नाही, असा प्रसंगही येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतात. परदेशातला वापर, ऑनलाइन वापर, टॅप करून पैसे देणं हे सगळं बँकेच्या अॅपमधून स्वतः सुरू करावं लागतं आणि मर्यादाही ठरवाव्या लागतात. निघण्याच्या आदल्या रात्री हे करावं, परत आल्यावर बंद करावं. तिथल्या यंत्रावर कार्ड अडलं की विक्रेता म्हणतो, "रुपयांत करून बघू." त्याने काही होत नाही. कुलूप चलनाचं नसतं, परदेशी वापराचं असतं.

टीसीएस, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा होणारा कर, रुपये निवडल्याने वाचतो असाही एक गैरसमज फिरतो. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाने परदेशात केलेला खर्च परदेशी पैसे पाठवण्याच्या दरसाल अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत मोजला जातो आणि आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेला तर त्यावर टीसीएस लागतो. क्रेडिट कार्डाचा परदेशातला खर्च या हिशेबात आणण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला होता, पण त्याच वर्षी जूनअखेर तो पुढे ढकलला गेला. यंत्रावर रुपये निवडल्याने परदेशातला व्यवहार देशी होत नाही, त्यामुळे कर वाचवण्यासाठी रुपये निवडण्यात काही अर्थ नाही.

यूपीआयचा पर्याय सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, नेपाळ, मॉरिशस, फ्रान्समधली काही ठिकाणं अशा निवडक जागी आहे. तिथे रुपयांत रक्कम दिसते हे खरं, पण त्यामागेही दर आणि शुल्क असतंच. पिन टाकण्याआधी ते वाचावं.

मेसेज पाहा, मगच दुकान सोडा

चूक झाली की नाही हे ओळखण्याची खूण तुमच्या फोनमध्येच येते. व्यवहारानंतर बँकेचा मेसेज किंवा अॅपमधली सूचना पाहा. त्यात 'एईडी ४००' असं लिहिलं असेल तर व्यवहार दिरहममध्ये झाला. 'आयएनआर' आणि पाच आकडी रक्कम असेल तर रूपांतर दुकानात झालं. मॉलच्या वायफायवर एवढं पाहता येतं. पावतीवरही दोन चलनं, दर आणि 'मला चलनाची निवड देण्यात आली होती' अशा अर्थाचं वाक्य छापलेलं दिसेल. ते तुमच्याच नावाने छापलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी वाचा.

दुकानातच असाल तर व्यवहार रद्द करून पुन्हा स्थानिक चलनात करायला सांगा. त्याच दिवशी हे सहज होतं आणि विक्रेत्याला ते ठाऊकही असतं. 'सिस्टीम करू देत नाही' हे उत्तर आलं तर मॅनेजरला बोलवा. रद्द केल्याची पावती वेगळी मागून घ्या, नाहीतर दोन्ही रकमा काही दिवस अडकून राहतात. वस्तूच परत करणार असाल तर मात्र एक ध्यानात घ्या: परतावा त्या दिवशीच्या दराने येतो, गेले तेवढेच रुपये येतील असं नाही.

पर्यटकांना मिळणाऱ्या कर-परताव्याच्या काउंटरवरही हाच प्रश्न उलट दिशेने येतो. रोख की कार्डावर, आणि कार्डावर दिलं तर कोणत्या चलनात? रक्कम रुपयांत करून पाठवली जात असेल तर दर परतावा देणाऱ्या कंपनीचा असतो. तिथे निवड मिळाली तर तीही स्थानिक चलनाचीच करावी.

दुकान सोडून भारतात परत आलात आणि नंतर लक्षात आलं, तरी दार पूर्ण बंद होत नाही. निवड न देता चलन बदललं गेलं, हे व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांच्याही तक्रार प्रक्रियेत मान्य असलेलं कारण आहे. तुमच्या बँकेच्या अॅपमध्ये किंवा शाखेत त्या व्यवहारावर हरकत नोंदवा. 'स्थानिक चलन मागितलं होतं, पर्याय दिला नाही' असं स्पष्ट लिहा आणि मूळ बिलाचा फोटो व कार्डाची पावती जोडा. मूळ बिलावर ४०० दिरहम आणि पावतीवर रुपये असले की मुद्दा चटकन पटतो. पावतीवर तुमची सही असेल तर प्रकरण कमकुवत होतं, पिन टाकलेला असेल तरीही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा फेटाळून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. तीनशे रुपयांसाठी इतकं कोण करेल, असं वाटणं साहजिक आहे. हॉटेलच्या आठवडाभराच्या बिलावर हेच घडलं असेल तर मात्र रक्कम पाच आकड्यांत जाऊ शकते आणि तेव्हा तो अर्ज भरायला लागणारी वीस मिनिटं वसूल होतात.